मांडीच्या हाडातील लिम्फोमा: केमोथेरपीनंतर रेडिएशन घ्यावे की नाही?

प्रश्न (साखळीहून)

नमस्कार. माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि मधुमेहासाठी गोळ्या घेतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वर दुखत होते. हे दुखणे रात्री अंथरुणावरही थांबेना, तेव्हा एक्स-रे काढला आणि मांडीच्या हाडाचा खालचा भाग वाळवीने खाल्लेल्या वाशासारखा दिसला. पुढे एमआरआय आणि बायोप्सी झाली. अहवालात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग), सीडी२० (या पेशींवरील एक खूण) पॉझिटिव्ह, असे निदान आहे. पेट-सीटीमध्ये त्या एका हाडाशिवाय कोठेही काही आढळले नाही, लसिका ग्रंथी वाढलेल्या नाहीत आणि अस्थिमज्जाही स्वच्छ आहे. डॉक्टरांनी याला ‘प्रायमरी बोन लिम्फोमा’ म्हटले असून टप्पा पहिला आहे.

आमची अडचण अशी की तीन ठिकाणी तीन मते मिळाली. बायोप्सी होण्यापूर्वी एका अस्थिरोगतज्ज्ञांनी हाडाचा तो भाग काढून कृत्रिम सांधा बसवावा लागेल असे सांगितले होते. बायोप्सीनंतर एका डॉक्टरांनी आर-चॉप केमोथेरपीची सहा आवर्तने आणि त्यानंतर त्या जागी रेडिएशन असा क्रम सुचवला. तिसऱ्या डॉक्टरांच्या मते सहा आवर्तनांनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ आला तर रेडिएशनची गरज नाही, कारण त्याने गुडघा आखडतो आणि हाड ठिसूळ होते. तिघेही अनुभवी आहेत. मग मते इतकी वेगळी का, आणि त्यांची तुलना आम्ही कोणत्या आधारावर करावी? ज्यांनी यातून वाट काढली आहे किंवा ज्यांना या आजाराची वैद्यकीय माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (पर्वरीहून)

ताई, मी कर्करोगाच्या रेडिएशन विभागात आयुष्यभर काम करून निवृत्त झालो आहे. तुमच्या बाबांचे अहवाल मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीतला निर्णय त्यांना तपासणारे डॉक्टरच घेतील. मते का वेगळी पडतात ते मात्र सांगू शकतो.

पहिले मत बाजूला ठेवा. बायोप्सीपूर्वी हाडाची गाठ पाहून शस्त्रक्रिया सुचणे स्वाभाविक आहे, कारण हाडाच्या इतर अनेक कर्करोगांत ती उपचाराचा कणाच असते. लिम्फोमा मात्र औषधांना आणि किरणांना उत्तम प्रतिसाद देतो, म्हणून येथे गाठ कापून काढण्याने आयुष्य वाढत नाही. शस्त्रक्रियेची दोनच कामे उरतात: बायोप्सी घेणे, आणि हाड मोडले असेल किंवा मोडण्याच्या बेतात असेल तर त्याला आधार देणे. हाडाला किती धोका आहे हे ठरवण्यासाठी १९८९ साली मांडलेली मिरेल्सची गुणपद्धती वापरली जाते. जागा, वेदना, हाडाची झीज आणि तिचा आकार यांना गुण देऊन १२ पैकी ९ किंवा अधिक आले तर आधीच सळई किंवा प्लेट बसवण्याचा विचार करतात. ही पद्धत इतर अवयवांतून हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी तयार झाली, हेही लक्षात ठेवावे. लिम्फोमाचे हाड केमोथेरपी सुरू झाल्यावर पुष्कळदा आपोआप भरून येऊ लागते, त्यामुळे वॉकरवर किंवा कुबड्यांवर भार देऊन थांबणेही अनेकदा योग्य ठरते.

आता खरा प्रश्न. हा आजार ओबर्लिंग यांनी १९२८ साली प्रथम वर्णिला आणि १९३९ साली पार्कर व जॅक्सन यांनी १७ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक दशके अवयव कापणे किंवा एकटे रेडिएशन हेच उपचार होते. रेडिएशनने त्या जागेचा रोग बहुतेकदा आटोक्यात यायचा, पण काही काळाने तो शरीरात दुसरीकडे उगवायचा. एका हाडापुरता दिसणारा रोगही सूक्ष्म रूपात अन्यत्र असू शकतो हे त्यातून कळले, आणि म्हणूनच केमोथेरपी मुख्य उपचार झाली. चॉपमध्ये सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन ही चार औषधे असतात. त्यांना सीडी२० ही खूण असलेल्या पेशींना लक्ष्य करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाची जोड दिली की आर-चॉप होते, आणि ते साधारणपणे दर २१ दिवसांनी देतात.

क्रमाचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. लसिका ग्रंथींबाहेर होणाऱ्या लिम्फोमांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मर्यादित टप्प्यातील, म्हणजे तुमच्या बाबांसारख्याच, १६१ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यात आधी केमोथेरपी घेतलेल्यांची स्थिती आधी रेडिएशन घेतलेल्यांपेक्षा चांगली दिसली, आणि ३६ ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) अधिक मात्रा दिल्याने लाभ वाढला नाही. ही दुसरी गोष्ट तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांच्या भीतीशी थेट जोडलेली आहे. जुन्या काळी आम्ही संपूर्ण हाडाला ४० ग्रेहून अधिक मात्रा देत असू. तेव्हाचे आखडलेले सांधे आणि मोडलेली हाडे मी स्वतः पाहिली आहेत. केमोथेरपीने रोग पूर्ण विरल्यावर आज ३० ते ३६ ग्रे पुरेसे मानतात, आणि तेही केमोथेरपीपूर्वीच्या एमआरआयवर दिसलेल्या रोगाला थोडी कड सोडून. त्यामुळे जुन्या मात्रेचे दुष्परिणाम नव्या मात्रेच्या माथी मारू नयेत. हाड ठिसूळ होण्याचा आणि अनेक वर्षांनी त्याच जागी दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका मात्र कमी झाला तरी संपलेला नाही.

रेडिएशन घ्यावेच का, यावर पुरावा दोन्हीकडे झुकतो. जर्मन गटाने २०१३ साली नऊ अभ्यासांतील ३,८४० रुग्ण एकत्र तपासले. त्यांपैकी २९२ जणांच्या हाडांत रोग होता. इतरांना रिटुक्सिमॅबचा जो स्पष्ट लाभ झाला तो या २९२ जणांत दिसला नाही. उलट हाडाच्या जागी रेडिएशन घेतलेल्यांत रोग परतण्याचे व उपचार फसण्याचे प्रमाण कमी होते. रेडिएशनच्या बाजूचा हा सर्वांत ठळक आधार. परंतु या रुग्णांपैकी पुष्कळांचा रोग शरीरभर पसरलेला होता आणि रेडिएशन कोणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे एकाच हाडात रोग असलेल्या माणसाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. रिटुक्सिमॅब वगळावे असाही अर्थ कोणी काढू नये. सीडी२० पॉझिटिव्ह रोगात ते आजही दिले जाते.

त्याच जर्मन गटाने ‘अनफोल्डर’ नावाच्या अभ्यासात मोठी गाठ किंवा ग्रंथीबाहेरचा रोग असलेल्या ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांची चिठ्ठीने विभागणी केली. रेडिएशन नसलेले गट २०१२ साली मध्येच बंद करावे लागले, कारण तेथे उपचार अपुरा पडल्याची उदाहरणे अधिक झाली. अंतिम निकालात मात्र एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. रेडिएशन नसलेल्या गटातील ज्यांचा प्रतिसाद अर्धवट राहिला त्यांना पुढे रेडिएशन द्यावे लागले, आणि दोन गटांतला फरक मुख्यतः त्यातून आला होता. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी २०१३ च्या निष्कर्षाला वजन दिले असावे आणि तिसऱ्यांनी या अंतिम निकालाला. दोघांपैकी कोणीही निराधार बोललेले नाही.

माझे मत विचाराल तर, ६३ वर्षांच्या माणसाच्या मांडीच्या हाडात एकाच जागी रोग असेल तर सहा आवर्तनांनंतर ३० ग्रेच्या आसपास रेडिएशन घ्यावे असे मी सुचवेन. त्या भागाजवळ आतडे, फुप्फुस किंवा हृदय नाही, आणि दुसरा कर्करोग उद्भवण्याची चिंता तरुण माणसाइतकी मोठी नाही. जागा आणि वय बदलले की माझे मतही बदलेल.

उत्तर (म्हापशाहून)

मला हाच आजार डाव्या दंडाच्या हाडात झाला होता. विहिरीवरून कळशी उचलताना हाड मोडले आणि त्यानंतर निदान झाले, त्यामुळे सळई बसवण्याला पर्याय नव्हता. त्या शस्त्रक्रियेच्या वेळीच बायोप्सीचा तुकडा घेतला गेला. जखम भरल्यावर आर-चॉपची सहा आवर्तने आणि मग रेडिएशन असा उपचार झाला.

ताई, केमोथेरपीविषयी दोन गोष्टी आवर्जून सांगते, कारण तुमच्या बाबांना मधुमेह आहे. चॉपमधील प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड प्रत्येक आवर्तनात पाच दिवस मोठ्या मात्रेत घ्यावे लागते आणि त्या दिवसांत रक्तातील साखर झपाट्याने चढते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकींना त्या काळापुरते इन्शुलिन घ्यावे लागले होते. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि बद्धकोष्ठता होते. मधुमेहामुळे आधीच पायांची संवेदना कमी असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

रेडिएशनला रोज पाच-दहा मिनिटेच लागत, वेदना काही नव्हती. कातडी काळवंडली आणि शेवटच्या आठवड्यात फार थकवा आला. खांदा थोडा आखडला, पण फिजिओथेरपी रेडिएशन चालू असतानाच सुरू केली होती म्हणून केस विंचरण्याइतका हात आज वर जातो. गुडघ्याच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे असेल असे मला वाटते. फिजिओथेरपिस्टची भेट रेडिएशन संपल्यावर नव्हे, सुरू होण्यापूर्वीच घ्या.

उत्तर (कुडचड्याहून)

पर्वरीच्या डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून समाधान वाटले, तरी दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते. माझ्या धाकट्या भावाला ऐन तिशीच्या आत कंबरेच्या हाडात हा रोग झाला. त्याच्या बाबतीत रेडिएशनच्या क्षेत्रात आतडे, मूत्राशय आणि अस्थिमज्जेचा मोठा भाग येत होता. वय लक्षात घेता पुढील आयुष्यातील दुष्परिणामांचा प्रश्नही मोठा होता. सहा आवर्तनांनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा ट्यूमर बोर्डाने, म्हणजे सर्व शाखांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीने, रेडिएशन न देता लक्ष ठेवण्याचा निर्णय घेतला. भाऊ आज कामावर जातो, आणि त्या निर्णयाविषयी आमच्या मनात किंतु नाही.

जुन्या अभ्यासांविषयी एक शंका आम्हाला त्या बैठकीत सांगितली गेली, ती येथे मांडतो. रेडिएशन घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण मुळात सारखे नसतात. केमोथेरपी पूर्ण करू शकलेल्या, प्रकृतीने चांगल्या रुग्णालाच पुढे रेडिएशनला पाठवले जाते. ज्याचा रोग मध्येच वाढला तो ‘रेडिएशन नाही’ या रकान्यात जातो. असे झाले तर रेडिएशनचा लाभ आहे त्यापेक्षा मोठा दिसणार. उलट काही ठिकाणी रोग शिल्लक वाटला त्यालाच रेडिएशन देतात, आणि मग लाभ लपतो. म्हणून कोणी एखादा आकडा दाखवला तर तो कोणत्या रुग्णांचा, हे आधी विचारावे.

तरुण रुग्णांच्या घरच्यांसाठी आणखी एक: केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी वीर्य साठवून ठेवण्याविषयी विचारा. सायक्लोफॉस्फामाइडने प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो आणि हा विषय आपल्याकडे संकोचामुळे मागे राहतो.

प्रश्नकर्ती (साखळीहून)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, देव बरे करो. बाबांना उत्तरे वाचून दाखवली. त्यांचा प्रश्न असा आहे: जर सगळे शेवटच्या पेट स्कॅनवर अवलंबून असेल, तर तो स्कॅन हाडाच्या बाबतीत कितपत भरवशाचा? आणि केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या राहून जाऊ नयेत?

उत्तर (पर्वरीहून)

बाबांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पेट स्कॅन साखरेचा वापर करणाऱ्या पेशी दाखवतो, आणि भरून येणारे हाडही साखर वापरते. त्यामुळे रोग संपल्यावरही ती जागा काही काळ मंद चमकू शकते. हाड मोडलेले असेल किंवा सळई बसवलेली असेल तर अधिकच. पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शनानंतर सगळी अस्थिमज्जा उजळते. म्हणून शेवटचा स्कॅन केमोथेरपी संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी आणि रेडिएशन झाले असेल तर सुमारे तीन महिन्यांनी करणे श्रेयस्कर. अहवालात डोव्हिल गुण १ ते ५ असे दिलेले असतात. १ ते ३ म्हणजे सामान्यतः पूर्ण प्रतिसाद. हाडात ४ आला तर त्यावरून ‘रोग शिल्लक आहे’ असे लगेच ठरवू नये. आधीच्या स्कॅनशी तुलना करावी, काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे, आणि संशय राहिलाच तर उपचार बदलण्यापूर्वी पुन्हा बायोप्सी घ्यावी. एमआरआयमधील बदल तर रोग बरा झाल्यावरही दीर्घकाळ तसेच दिसत राहतात, त्यांनी घाबरून जाऊ नये.

या अनिश्चिततेमुळेच मी मांडीच्या हाडाच्या बाबतीत रेडिएशनकडे झुकतो. लसिका ग्रंथीतला स्वच्छ स्कॅन जितका ठाम बोलतो तितका हाडातला बोलत नाही.

सुरुवातीच्या तपासण्यांत हिपॅटायटिस बी सर्वांत महत्त्वाची. पृष्ठभागीय अँटिजेनबरोबर कोअर अँटिबॉडीही तपासलेली हवी, कारण पूर्वी येऊन गेलेला विषाणू रिटुक्सिमॅबमुळे पुन्हा जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. संसर्गाची खूण सापडली तर प्रतिबंधक गोळ्या आधीच सुरू करतात. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते, त्यासाठी टू-डी इको हवा. बायोप्सीच्या अहवालात एमवायसी, बीसीएल२ आणि बीसीएल६ या जनुकांची फिश तपासणी (जनुकांतील उलथापालथ शोधणारी चाचणी) झाली आहे का ते पाहा, कारण एमवायसीबरोबर बीसीएल२ चीही उलथापालथ सापडली तर आर-चॉपऐवजी अधिक तीव्र उपचाराचा विचार होतो. हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी आम्लात ठेवला असेल तर अशा तपासण्या बिघडतात, हेही पॅथॉलॉजिस्टना विचारावे.

उत्तर (फोंड्याहून)

माझ्या सासूबाईंच्या उपचारात मी सगळी धावपळ केली, म्हणून व्यवहाराचे थोडे लिहिते. बायोप्सीचा फक्त छापील अहवाल नव्हे, तर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) आणि काचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या स्लाइड) मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यायचे झाले तर तेथील पॅथॉलॉजिस्ट त्याच पुन्हा तपासतात, आणि त्या हाताशी नसल्या तर रुग्णाला घेऊन केलेला मुंबईचा प्रवास वाया जातो. एमआरआय व पेट स्कॅनच्या सीडी सुरुवातीच्याच जपून ठेवा. रेडिएशनचे क्षेत्र त्यांवरून आखले जाते.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर त्याचे नूतनीकरण झाले आहे का ते आजच पाहा. तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण त्यात आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीनुसार मिळते, म्हणून रिटुक्सिमॅब आणि रेडिएशन त्यात कसे बसते हे आवर्तन सुरू होण्यापूर्वी विचारून घ्या. रिटुक्सिमॅबची भारतीय बनावटीची औषधे २००७ सालापासून उपलब्ध आहेत. डॉक्टरांना मान्य असेल तर खर्चात मोठा फरक पडतो.

घराविषयी: अंगणातल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरते. बाबांचे हाड भरेपर्यंत त्या वाटेने त्यांना एकटे जाऊ देऊ नका, आणि न्हाणीघरात हाताला धरायला दांडा बसवून घ्या. सासूबाईंना हाडे बळकट करण्यासाठी झोलेड्रॉनिक अॅसिड दिले होते. ते तुमच्याकडेही विचारावे का, हे डॉक्टरसाहेबच सांगू शकतील.

उत्तर (पर्वरीहून)

विचारावे. स्टिरॉइड, वय आणि रेडिएशन अशा तिन्ही बाजूंनी हाडाची झीज होत असल्याने त्याचा उपयोग होऊ शकतो, मात्र त्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहावी लागते. मधुमेही रुग्णात तर विशेषच. त्याहून आधी दंतवैद्यांना भेटावे. या औषधानंतर दात काढावा लागला तर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो, म्हणून किडलेला दात असेल तर तो आधीच काढून जखम भरू द्यावी. केमोथेरपीच्या पहिल्या आवर्तनासाठी मात्र हे सगळे उरकण्याची वाट पाहू नये. ती वेळेवर सुरू होऊ द्या, आणि रेडिएशनचा निर्णय सहाव्या आवर्तनाच्या सुमारास दोन्ही डॉक्टरांना एकाच ट्यूमर बोर्डासमोर बसवून करून घ्या.